सॉफ्टवेअर वस्तू की परवाना? टॅक्सवाल्यांना एक उत्तर, गिऱ्हाइकाला दुसरं

सॉफ्टवेअरचे पैसे मोजल्यावर आपल्या हाती नेमकं काय येतं, वस्तू की नुसती वापरायची परवानगी, यावर वाद सुरू झाला की लोक आधी अमेरिकेतले दाखले फेकतात, अन् मग आपल्यातलाच कोणीतरी म्हणतो की भारतात यावर काही कायदाच नाही बावा. आहे ना. सुप्रीम कोर्टाचे चांगले तीन निकाल आहेत, फक्त तिन्ही वेळा भांडण टॅक्सचं होतं, तुमच्या-आमच्यासारखं साधं गिऱ्हाईक तिथं पार्टीच नव्हतं. हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागते.

सुरुवात पुस्तकापासून होते. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल नावाच्या प्रकाशकानं एका कादंबरीत आत छापून टाकलं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी भावात विकायची कोणाला परवानगी नाही, विकलं तर कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानानं ते सरळ ८९ सेंटला विकलं. केस वरपर्यंत गेली अन् १९०८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली विक्री तुमच्या हातात, त्यानंतर ती प्रत ज्यानं घेतली त्याची, आत काय छापलंय त्यानं फरक पडत नाही. आज नागपूरच्या बर्डीवर कोणी जुनी पुस्तकं निम्म्या भावात विकतो तेव्हा त्याला प्रकाशकाची चिठ्ठी लागत नाही, त्यामागचा विचार हाच, आपल्या कायद्यातही पुस्तकांच्या बाबतीत तो आहेच.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हा निकाल नीट वाचला होता म्हणायचं. खरं तर सुरुवातीला सॉफ्टवेअर वेगळं विकायचा प्रश्नच नव्हता, मशीन घेतली की प्रोग्राम सोबत यायचा, १९६९ मध्ये आयबीएमनं दोन्हीचे भाव वेगळे करायचं ठरवलं तेव्हापासून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला. १९७६ मध्ये बिल गेट्सनं हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून झापलं की आमचं बेसिक (प्रोग्राम लिहायच्या भाषेचं सॉफ्टवेअर) तुम्ही फुकटात वाटून घेता, ही चोरी आहे. त्या काळात प्रोग्रामला कॉपीराइट लागू होतो का हेही धड ठरलेलं नव्हतं, अमेरिकेनं ते १९८० मध्ये कायद्यात लिहिलं अन् आपण १९८४ मध्ये. त्यामुळे कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला तो कराराचा, म्हणजे विकायचंच नाही, लायसन्स द्यायचं. खोक्यावर प्लास्टिक, आत फ्लॉपीचं पाकीट, पाकिटावर स्टिकर, की हे फाडलं म्हणजे आतल्या सगळ्या अटी तुम्हाला मान्य. अटी आत, मान्यता बाहेर, अन् पैसे त्याच्याही आधी दुकानात देऊन झालेले.

हे चालतं का, यावर तिथली कोर्टं बरीच वर्षं दोन्हीकडून बोलत होती. १९९६ मध्ये प्रोसीडी नावाच्या कंपनीची केस आली, तिनं टेलिफोन डिरेक्टऱ्यांचा डेटा सीडीवर टाकून विकला होता, एका गड्यानं ती सीडी घेऊन तोच डेटा इंटरनेटवर स्वस्तात द्यायला सुरुवात केली. अपिलात जज इस्टरब्रुकनं सांगितलं की आतल्या अटी पटल्या नाहीत तर माल परत करायची सोय होती ना, केला नाही म्हणजे मान्य. आज आपण डोळे झाकून ज्या 'आय अ‍ॅग्री' वर क्लिक करतो त्याला सगळ्यात मोठा आधार या निकालानं दिला. मला हा निकाल कधीच पटला नाही. उघडलेली सीडी परत घेणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही, अमेरिकेत असतील तर असोत.

आता नागपूरकडे या. नव्वदच्या दशकात इथं महाल, इतवारी, गांधीबाग भागात डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडून देणारी, दुकानं निघाली, लग्नपत्रिका, बिलबुकं, सार्वजनिक मंडळांच्या पावत्या, निवडणुकीची पत्रकं, सगळं पेजमेकर अन् कोरल या प्रोग्रामांवर. इंग्रजी सॉफ्टवेअर कुठून यायचं ते विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे. पण मराठी फाँटचं पॅकेज मात्र बहुतेकांना विकतच घ्यावं लागायचं, कारण त्याच्यासोबत डोंगल यायचं. काडेपेटीएवढा डबा, एका बाजूनं पंचवीस पिना, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचा अन् प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर लावायची. तो काढला की प्रोग्राम डोळे मिटायचा. डोंगल हरवलं किंवा आतून जळलं तर पॅकेजचे पैसे गेले, नवीन घ्या. पुढे नव्या मदरबोर्डांवर तो पोर्टच येईनासा झाला, अन् मग नव्या मशीनवर ते डोंगल लावायचं कुठं? काही प्रेसवाल्यांनी निव्वळ त्या डोंगलसाठी पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर बरीच वर्षं चालू ठेवला, जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली त्याच फाँटमध्ये अडकलेल्या, करणार काय.

या लोकांना कायद्यात काही हक्क होता का? होता, अन् अजून आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ म्हणते की ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला ती हरवू, खराब होऊ नये म्हणून बॅकअप कॉपी काढता येते. १९९९ च्या दुरुस्तीनं अजून भर पडली, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती दुसरीकडून सहज मिळत नसेल तर ती स्वतः काढता येते, प्रोग्राम कसा चालतो हे तपासता येते, स्वतःच्या वापरासाठी बिगर-धंद्याची कॉपीसुद्धा करता येते. पण हे सांगणार कोण? तेव्हा गाजायच्या त्या धाडी. १९९४ च्या दुरुस्तीत कलम ६३बी आलं, पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद अन् ५० हजार ते २ लाख दंड. दुकानदाराला कायद्याचं एवढं एकच पान ठाऊक होतं अन् तेही भीतीपोटी.

त्याच १९९४ च्या दुरुस्तीत एक ओळ होती जिच्याकडे फार कोणी बघत नाही. कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत विकायचा हक्क कॉपीराइटवाल्याचा, ती प्रत आधी विकली गेली असली तरीसुद्धा. म्हणजे पुस्तकाला जी सूट तीच प्रोग्रामला नाकारली होती. १९९९ मध्ये संसदेनं कलम १४ मधले हे शेवटचे शब्द काढून टाकले. तेव्हा त्यावर कुठं मोठी चर्चा झाल्याचं दिसत नाही, पण वीस वर्षांनी त्याच काढलेल्या शब्दांवर मोठी केस फिरली.

त्याच्या आधी २००४. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश. राज्य सरकार म्हणे सॉफ्टवेअरच्या विक्रीवर सेल्स टॅक्स भरा, कंपनी म्हणे ही वस्तूच नाही, ही बौद्धिक संपदा, हाताला लागत नाही, आम्ही तर लायसन्स देतो. पाच जजांच्या घटनापीठानं ऐकलं नाही. कल्पना डोक्यात आहे तोवर ठीक, पण एकदा ती सीडीवर उतरली अन् बाजारात आली की पुस्तक, कॅसेटसारखाच माल झाला, टॅक्स भरा. तयार पॅकेज म्हणजे वस्तू, हे त्या दिवसापासून पक्कं.

पक्कं म्हणजे राज्यांच्या टॅक्सपुरतं, कारण २००८ मध्ये केंद्रानं सॉफ्टवेअरवर सर्व्हिस टॅक्स आणला. झालं असं की एकाच अँटीव्हायरसच्या बिलावर राज्याचा व्हॅटही (सेल्स टॅक्सचंच नवं रूप) अन् सर्व्हिस टॅक्सही लागलेला दिसू लागला, म्हणजे तो डबा वस्तूही होता अन् सेवाही, अन् दोन्हीचे पैसे गिऱ्हाइकानं भरायचे. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात संतापजनक पान हेच आहे. कंपनी भांडायला कोर्टात जाऊ शकते, पण पाच-सातशेच्या सीडीचं बिल घेऊन कोण जाणार.

पुण्याच्या क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीची केस यातूनच आली. त्यांच्या सीड्या डीलरमार्फत विकल्या जायच्या, सेल्स टॅक्स भरलेला, तरी २०११ ते २०१४ या काळाचा जवळपास ५६ कोटींचा सर्व्हिस टॅक्स मागितला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं मागणी उडवली, सीडी अन् ती चालू करायची लायसन्स-की गिऱ्हाइकाच्या हातात गेली म्हणजे वापरायचा हक्क गेला, राज्यघटनेच्या हिशेबानं ती मानलेली विक्री, तिच्यावर परत सेवेचा टॅक्स नाही. पण हे नीट वाचा, 'मानलेली' विक्री म्हटलंय. संपूर्ण मालकी गेली असं कोर्ट इथं म्हणत नाही, अन् हा बारकावा सोडून लोक हा निकाल वाटेल तिथं चिकटवतात.

याच्या जवळपास दीड वर्ष आधी, मार्च २०२१ मध्ये, इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस नावाचा निकाल आला अन् माझ्या मते तोच खरा मोठा. इन्कम टॅक्स खातं म्हणत होतं की परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरचे पैसे दिले म्हणजे रॉयल्टी, कॉपीराइट वापरायचा मोबदला, दिली, तिच्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) कापा. कोर्टानं ते लायसन्सचे करार उघडून बघितले, कॉपी करू नका, कोणाला देऊ नका, उलगडून बघू नका, अन् म्हटलं की यात कॉपीराइटमधला हक्क गिऱ्हाइकाला मिळालाच कुठं? मिळाली ती एक प्रत. म्हणजे ही मालाची विक्री आहे, वरती लायसन्स असं लिहिलं म्हणून ती काही बदलत नाही. अन् इथंच १९९९ मध्ये काढलेले ते शब्द कामी आले. मजा बघा, कंपन्यांनी गिऱ्हाइकाला आवळायला ज्या अटी लिहिल्या त्याच अटी दाखवून कंपन्यांचा टॅक्स वाचला. आता तीच कंपनी, तोच करार, पण समोर गिऱ्हाईक आलं की म्हणणार आम्ही तुम्हाला काही विकलेलंच नाही. दोन्ही कसं चालते राजेहो?

मधल्या काळात धंद्याचीच पद्धत बदलली त्यामुळे हे अजून टोचायला लागलं. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं लोकांच्या किंडल या पुस्तक वाचायच्या यंत्रामधून ऑर्वेलची '१९८४' परत खेचून घेतली, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत दिले पण पुस्तक रात्रीतून गायब. २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनं सांगितलं की यापुढे नवीन व्हर्जन फक्त वर्गणीवर, अन् एकदाच पैसे भरून वर्षानुवर्षं वापरायची सवय असलेल्या डिझाइनवाल्यांचं गणितच बिघडलं. २०२४ च्या ३१ मार्चला युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं 'द क्रू' गेमचे सर्व्हर बंद केले, ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांचीही डिस्क थंड, त्यावरून युरोपात मोठी सह्यांची मोहीम झाली. कॅलिफोर्नियानं २०२५ पासून नियम केला की मिळतं ते फक्त लायसन्स आहे हे ठळकपणे सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं बटण लावायचं नाही. हा नियम मला जरा बुळाच वाटतो, हक्क काही वाढत नाही, नुसती पाटी बदलते.

आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या बाजूनं काय झालं ते १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून मोजायला पाहिजे, पण या विषयापुरता कामाचा कायदा २०१९ चा, जो २० जुलै २०२० ला लागू झाला. त्यात 'अन्याय्य करार' ही गोष्ट पहिल्यांदा आली, म्हणजे कराराच्या अटीनं ग्राहकाच्या हक्कात मोठा फरक पडत असेल, उदाहरणार्थ कंपनीला कारण न देता एकतर्फी करार तोडायचा अधिकार, तर ती अट रद्द मागता येते. फक्त ही तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात करावी लागते, पण त्यासाठी विदर्भातल्या माणसाला मुंबई गाठायची गरज नाही, आयोगाचं सर्किट बेंच इथं नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. साधी भरपाईची तक्रार जिल्हा आयोगातच, अन् तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथं करता येते, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत दोन वर्षं. करारात लवादाचं (भांडण कोर्टात नाही, पंचाकडेच न्यायचं) कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्ये एम्मार या बिल्डरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय, ती केस घराची होती पण मुद्दा सगळीकडे लागतो.

अडचणी दोन आहेत. धंद्यासाठी घेतलेला माल असेल तर तुम्ही ग्राहक नाही, पण स्वतः राबून पोट भरायला घेतला असेल तर आहात, म्हणजे एकट्यानं मशीनवर बसणारा डीटीपीवाला आत अन् पंधरा माणसं ठेवणारा प्रेस बहुतेक बाहेर. दुसरं म्हणजे फुकट सेवा कायद्याच्या बाहेर ठेवलीय, त्यामुळे फुकट अ‍ॅपवर चिडून उपयोग नाही. वर्गणी बंदच करू न देणारे अ‍ॅप मात्र नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांच्या, नियमांत सापडतात, त्यातल्या १३ प्रकारांमध्ये वर्गणीचा सापळा वेगळा लिहिलाय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते.

जीएसटी आल्यावर सीडी असो की डाउनलोड, दोन्हीला १८ टक्केच, म्हणून टॅक्सवाल्यांचा या भांडणातला रस आटला. पण बिलावर खूण राहते. बिलावरचा जीएसटीचा कोड ८५२३ नं सुरू होत असेल तर विकणाऱ्यानं स्वतःच ती वस्तू म्हणून दाखवलीय, ९९७३३१ असेल तर वापराच्या लायसन्सची सेवा म्हणून. ग्राहक कायद्यात वस्तूही बसते अन् सेवाही, त्यामुळे पहिल्या बिलावर 'वस्तूत दोष' लिहायचं, दुसऱ्यावर 'सेवेत त्रुटी', अन् बिलाची प्रत तक्रारीला जोडायची.