साथीचा माग काढण्याचे शिक्षण

जुलै 2021 मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रक्ताचे नमुने तपासल्यावर चिकुनगुन्या व डेंग्यूबरोबरच डासांमुळे पसरणाऱ्या आणि गर्भातील बाळालाही अपाय करू शकणाऱ्या झिकाची महाराष्ट्रातील पहिली रुग्णही सापडली. विषाणू ओळखला तो प्रयोगशाळेने. पण गावात गर्भवती महिला किती, डासांच्या अळ्या कोणत्या पाणीसाठ्यात आहेत, हे घरोघरी फिरल्याशिवाय कळत नाही. संसर्गजन्य रोगांत पुढे शिकू पाहणाऱ्याने या दोन कामांपैकी आपला ओढा कशाकडे आहे, हे आधी ठरवावे. अभ्यासक्रमाचे नाव त्यानंतर.

फिरतीच्या कामाचे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र. समजा, एका गावात जुलाबाची साथ आहे. आधी ‘रुग्ण कोणाला म्हणायचे’ याची व्याख्या ठरते, मग प्रत्येक रुग्णाचे वय, पत्ता, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि पाण्याचा स्रोत यांची यादी होते. एका विहिरीचे पाणी पिणाऱ्या 80 जणांपैकी 48 आजारी, म्हणजे 60 टक्के, आणि इतरत्र पाणी भरणाऱ्या 100 जणांपैकी 12, म्हणजे 12 टक्के, असे निघाले तर पाचपट धोका त्या विहिरीकडे बोट दाखवतो. तेवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही, परंतु पाण्याचा अहवाल येईपर्यंत विहीर बंद ठेवायला तो पुरेसा असतो. हे गणित शाळकरी आहे. खरी कसोटी आजारी नसलेल्यांनाही तितक्याच चिकाटीने प्रश्न विचारण्यात लागते, कारण त्यांच्याशिवाय तुलनाच उभी राहत नाही.

हे कौशल्य वर्गात बसून येत नाही, हे ओळखून अमेरिकेत 1951 मध्ये अलेक्झांडर लँगम्यूर यांनी डॉक्टरांना थेट साथीच्या ठिकाणी धाडणारे प्रशिक्षण सुरू केले. त्याच धर्तीवर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने 2001 पासून, तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 2012 पासून दोन वर्षांचे प्रशिक्षण चालवले. एमबीबीएस झालेल्या आणि शासकीय सेवेत असलेल्या डॉक्टरांनी या वाटेचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

डॉक्टर नसलेल्यांनाही दारे बंद नाहीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम रोगामागच्या सामाजिक कारणांवर भर देतो, तर प्रयोगशाळेकडे कल असणाऱ्यांसाठी विषाणूशास्त्रातील एमएस्सी आहे. पशुवैद्यकांना मात्र आपल्याकडे उगाच विसरले जाते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात 2016 मध्ये माकडतापाची, म्हणजे गोचिडींमधून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या विषाणूजन्य तापाची, साथ आली, आणि जंगलात मेलेली माकडे हाच त्या रोगाचा पहिला इशारा असतो.

जागतिक आरोग्यासाठी लंडनची 1899 मध्ये स्थापन झालेली उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था प्रसिद्ध आहे, आणि तिचे काही अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनेही करता येतात. तरीही परदेशी शुल्काचा बोजा उचलण्याआधी वर्षभर जिल्हा पातळीवर काम करावे. तेही जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे साथींचे साप्ताहिक अहवाल उघडावेत: जिल्हा, रोग, रुग्णसंख्या आणि केलेली उपाययोजना अशी थोडक्यात माहिती त्यात असते. त्यातली एखादी नोंद घेऊन आपण तिथे पोहोचलो असतो तर पहिल्या दिवशी कोणाला काय विचारले असते, ते लिहून काढावे.