शून्याने कुणी भागलंच नव्हतं

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतला मित्राचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा झाला. माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साडेतीन इंची पाच फ्लॉप्या निघाल्या. लेबलांवर मित्राच्या वडिलांचं, आमच्या काकांचं, तिरपं अक्षर: ‘बीबीएस मुख्य’, ‘निरोप १९९५’, ‘स्वागत – सोर्स’ (सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर). मित्राची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "हा लॅपटॉप त्या वेळच्या मशीनपेक्षा हजारपटीने फास्ट आहे. डबल-क्लिक केलं की पळेल." बहुतेकांना असंच वाटतं. प्रोग्राम जुना म्हणजे हलका, मशीन नवं म्हणजे ताकदवान, मग अडचण कसली? प्रत्यक्षात तो प्रोग्राम अडला तो मशीन फास्ट आहे म्हणूनच. हे कसं घडतं ते सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम. चौकातला वार्ताफलक आठवा: कुणी येतो, वाचतो, खडूने दोन ओळी लिहून जातो. तसाच फलक एका संगणकावर ठेवायचा, संगणकाला मोडेम, म्हणजे मजकुराचं फोनवरच्या आवाजात रूपांतर करणारी पेटी, लावायचा आणि मोडेमला टेलिफोनची लाइन. लोक आपापल्या मोडेमवरून फोन लावणार, निरोप वाचणार, लिहिणार, फाइल्स उतरवून घेणार. लाइन एक असेल तर एका वेळी एकच माणूस. जानेवारी १९७८ मध्ये शिकागो बर्फाच्या वादळात अडकलं असताना वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस यांनी पहिला असा फलक उभारायला घेतला आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सुरू केला. भारतातही १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं होण्याआधी असे हौशी फलक होते. काकांचा फलक रात्री दहा ते सकाळी सहा चालायचा, कारण दिवसा तो फोन घराला लागायचा.

यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह बुधवारी जुन्या बाजारात मिळाली. पाचपैकी चार फ्लॉप्या वाचता आल्या. पहिला नकार विंडोजनेच दिला: हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. डॉस ही विंडोजच्या आधीची संगणक चालवणारी प्रणाली. तिचे प्रोग्राम १६ बिटी, म्हणजे एका वेळी शून्य-एकचे १६ अंक हाताळणारे. ३२ बिटी विंडोज त्यांना प्रोसेसरच्या एका खास अवस्थेत बसवत असे, जिथे प्रोग्रामला वाटे की आपण जुन्या ८०८६ प्रोसेसरवरच आहोत. प्रोसेसर ६४ बिटी अवस्थेत गेला की ही सोयच उरत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटी रूपात आलंच नाही. उपाय सोपा आहे: व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, फ्रीडॉस ही मोफत डॉस बसवायची. तशी बसवली, फलकाचा प्रोग्राम सुरू केला आणि एकच ओळ उमटली: रनटाइम एरर २००. या क्रमांकाचा अर्थ, शून्याने भागाकार.

पुन्हा चालवलं, पुन्हा तेच, मेमरीच्या त्याच पत्त्यावर. अशा वेळी लोक म्हणतात, मशीनचा मूड नाही. एका परिचितांनी तर टेबल आग्नेयेकडून हलवायला सांगितलं. खंडेनवमीला मीही संगणकाला हळद-कुंकू वाहतो, त्यात कृतज्ञता आहे. पण दर वेळी त्याच जागी, तीच चूक होत असेल तर तिचं कारणही एका जागी बसलेलं असतं आणि ते बोट ठेवून दाखवता येतं.

हा प्रोग्राम, त्या काळच्या असंख्य प्रोग्रामांसारखा, टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात लिहिलेला. टर्बो पास्कलमध्ये ‘१०० मिलिसेकंद थांब’ अशी आज्ञा देता येते. पण थांबायचं कसं? प्रोग्राम एका जागी रिकाम्या चकरा मारतो. मिलिसेकंदाला किती चकरा होतात हे मशीनगणिक वेगळं, म्हणून सुरू होताच तो आधी स्वतःची मोजणी करून घेतो.

मोजायला घड्याळ हवं. १९८१ च्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. हा आकडा आला अमेरिकी रंगीत टीव्हीवरून: त्याला ४ ने भागलं की टीव्हीच्या रंगसंकेताची ३.५८ मेगाहर्ट्झ ही वारंवारता मिळते. ३ ने भागलं की प्रोसेसरचे ४.७७ आणि १२ ने भागलं की घड्याळाच्या चिपचे १.१९ मेगाहर्ट्झ. एकच स्फटिक, तिघांची सोय. घड्याळाचा गणक १६ बिटी, म्हणजे ६५,५३६ मोजून झाले की एक टिक. भागाकार करून पाहा: सेकंदाला १८.२ टिक, दोन टिकांमध्ये जवळपास ५५ मिलिसेकंद. अमेरिकेतल्या टीव्हीच्या रंगामुळे ठरलेला हा ५५ चा आकडा पुढे कितीतरी डॉस प्रोग्रामांच्या पोटात जाऊन बसला.

टर्बो पास्कलचा प्रोग्राम एका टिकेची वाट पाहतो, ती पडली की चकरा मोजू लागतो आणि पुढची टिक पडली की थांबतो. मिळालेल्या संख्येला ५५ ने भागलं की मिलिसेकंदाला किती चकरा ते कळतं. मोजलेली संख्या ३२ बिटी खणात ठेवलेली आहे, तिला भरपूर जागा आहे. भागाकार मात्र १६ बिटी खणात जायचा आहे आणि तिथे ६५,५३५ च्या पुढे मावत नाही. म्हणजे एका टिकेत ६५,५३६ गुणिले ५५, अर्थात ३६,०४,४८० चकरा झाल्या की खण उतू जाणार. ज्या काळात हा कोड लिहिला गेला तेव्हा इतका वेग कुणाच्या टेबलावर नव्हता. २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला २० कोटी ठोके देतो, ५५ मिलिसेकंदांत १ कोटी १० लाख. एका चकरेला तीन ठोके पुरले तर ३६ लाख ६६ हजार चकरा झाल्या. सीमा ओलांडली! नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या मशीनवर चांगले चालते प्रोग्राम एकाएकी बंद पडू लागले ते यामुळे.

मग ‘शून्याने भागाकार’ हा संदेश का? भागाकाराची सूचना फसली की प्रोसेसर शून्य क्रमांकाची घंटा वाजवतो. भाजक शून्य असला तरी तीच, आणि उत्तर खणात मावलं नाही तरी तीच. दारावर एकच घंटा असल्यावर दूधवाला की पोस्टमन हे आवाजावरून कसं कळणार? टर्बो पास्कलने गृहीत धरलं की शून्यच असणार आणि तसं छापलं. इथे भाजक ५५ होता. शून्याने कुणी भागलंच नव्हतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग. एक, प्रोग्रामच्या फाइलमधले त्या भागाकाराचे मोजके बाइट बदलायचे, म्हणजे उत्तर मावत नसेल तर ६५,५३५ वरच थांबेल. यासाठी तयार छोटे प्रोग्राम तेव्हापासून मोफत फिरत आहेत. दुसरा, डॉसबॉक्ससारखं एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरायचं आणि मशीनच मंद करायचं. मिलिसेकंदाला ३,००० सूचना ठेवल्या तर एका टिकेत १,६५,००० सूचना होतात, ३६ लाख फार दूर राहतात. आम्ही दुसरा निवडला, कारण पुढच्या अडचणीचं उत्तरही त्यातच होतं: मोडेम.

फलकाला मोडेम हवा, आमच्याकडे वायफाय. डॉसबॉक्स सीरियल पोर्टवर, म्हणजे मोडेम जोडायच्या जुन्या खाचेवर, खोटा मोडेम उभा करतो. फलकाला वाटतं फोन आला, त्याला ‘रिंग’ ऐकू येते, तो उचलतो. खाली मात्र टेलनेटची, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीची, जोडणी असते. दुसऱ्या लॅपटॉपवरून ‘एटीडीटी’ ही जुनी डायल करण्याची आज्ञा दिली, फोन नंबराच्या जागी आयपी पत्ता. फाइल पाठवताना ती अर्ध्यात बिघडू लागली. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट ‘पुढे आज्ञा आहे’ असं सांगतो, म्हणून खऱ्या मजकुरातला २५५ दोनदा पाठवावा लागतो आणि दोन्ही टोकांचं त्यावर एकमत नसेल तर फाइल फाटते. टेलनेट सोडून नुसती कच्ची जोडणी घेतल्यावर ते थांबलं. पडद्यावरच्या चौकटींच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेली रोमन अक्षरं दिसत होती, जुन्या मराठी फाँटातली लग्नपत्रिका तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडल्यावर दिसते तशी. कोडपेज ४३७ ही जुन्या पीसीची अक्षरयादी ओळखणारं सिंकटर्म हे टर्मिनल घेतलं, चौकटी परतल्या.

कुणाला नुसता फलक चालवायचा असेल तर इतकं करायची गरज नाही. सिंक्रोनेट आणि मिस्टिक ही सॉफ्टवेअर्स विंडोज आणि लिनक्सवर थेट चालतात, मिस्टिक तर रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही. फक्त घरच्या राउटरचं २३ क्रमांकाचं टेलनेट पोर्ट जगाला उघडू नका. त्यावरून पासवर्ड जसाच्या तसा जातो, आणि २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने याच वाटेने असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले.

रविवारी काकांना बोलावलं. फलकाने फोन उचलला, त्यांनी स्वतः लिहिलेलं स्वागताचं पान आलं, वर तारीख. साल छापलं होतं १९१२५. २०२५ मधून १९०० वजा करून उरलेल्या १२५ च्या आधी ‘१९’ चिकटवलेलं. काकांनी चष्मा सारखा केला. "हे माझं आहे," ते म्हणाले. "सोर्सची फ्लॉपी वाचली ना? दे इकडे."