पाचामामा म्हणजे दक्षिण अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग नव्हे

१ ऑगस्ट उजाडला की कुठे ना कुठे तेच वाक्य वाचायला मिळतं: 'आज दक्षिण अमेरिकेत पाचामामाचा दिवस, म्हणजे तिथलं थँक्सगिव्हिंग.' पाचामामा ही तिथल्या अँडीज डोंगरातल्या लोकांची भूमीची देवता. सुगीचा सण, निसर्गाचे आभार, विषय संपला. यातलं सुगीचं म्हणणं साफ चूक आहे आणि आभाराचं अर्धवट.

थँक्सगिव्हिंग सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पटकन उरकतो. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, १९४१ च्या कायद्याने ठरलेला. कॅनडात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. पोर्तो रिकोत अमेरिकेचाच दिवस स्पॅनिशमधून साजरा होतो आणि टर्कीला भाजलेल्या डुकराला लावायचा मसाला चोळतात, त्या पदार्थाला पाव्होचोन म्हणतात. हे सगळं बाजूला ठेवलं तरी गाभा एकच: पीक घरात आलंय, वर्ष पदरात पडलंय, आता देवाचे आभार मानून माणसं जेवायला बसतात.

आता अर्जेंटिनाच्या वायव्येचे खुखुय आणि साल्ता प्रांत, बोलिव्हिया, पेरूचा डोंगराळ भाग. तिथे ऑगस्टमध्ये शेतात काय असतं? काहीच नसतं. तारीख बघणारे गोलार्ध विसरतात. बटाटा साधारण एप्रिल ते जूनमध्ये काढून झालेला असतो, पाऊस नोव्हेंबरच्या आसपास येणार, आणि मधला ऑगस्ट म्हणजे कोरड्या थंडीचं शेपूट. 'जुलै तयारी करतो, ऑगस्ट घेऊन जातो,' अशी अर्जेंटिनात म्हातारी-आजारी माणसांबद्दल म्हणच आहे. या महिन्यात जमीन उघडी असते आणि भुकेलेली असते, अशी समजूत. लवकरच तिच्यात नांगर घालायचा आहे. म्हणून आधी तिला जेवू घालायचं. खुखुयमध्ये या विधीचं नावच कोर्पाचादा, म्हणजे जमिनीला खाऊ घालणं. पेरूत याला सरळ 'पागो' म्हणतात, आणि पागो म्हणजे चुकती केलेली रक्कम! झालेल्या पिकाचे आभार यात आहेतच, पण ते पुढच्या पिकाच्या आगाऊ रकमेत मिसळलेले. वेळ अमावस्येला उभ्या रब्बीत आंबील शिंपडणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

प्रत्यक्ष विधी बघितला की फरक अंगावरच येतो. सकाळी निखाऱ्यांवर सुगंधी झुडपं टाकून घराचा कोपरा न् कोपरा धुरवतात. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा, डावीकडे पीळ दिलेला दोरा मनगटाला बांधतात. अंगणात किंवा गुरांच्या वाड्यात दरवर्षीचा ठरलेला खड्डा असतो. त्यावरचे गेल्या वर्षीचे दगड काढून तोंड उघडतात, आणि त्याला 'तोंड' असंच म्हणतात. मग घरातल्या वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून जोडीजोडीने गुडघे टेकायचे आणि दोन्ही हातांनी द्यायचं: तिख्तिंचा (मका, बाकला आणि सुकवलेलं मांस, रात्रभर शिजवलेलं), मग कोकाची पानं, चिचा (मक्याची आंबवलेली दारू), वाइन, दारू. कडेने पेटवलेल्या सिगारेटी मातीत खोचतात आणि त्या कशा जळतात यावरून वर्ष कसं जाईल ते वाचतात. शेवटी माती, दगड, वर रंगीत कागदी फिती.

चुका होतात त्या इथे. कोकाची पानं मूठभर उचलून टाकायची नसतात. अखंड, न फाटलेली निवडायची. उरलंसुरलं तर अजिबात द्यायचं नाही, पहिला घास जमिनीचा, माणसं नंतर. थँक्सगिव्हिंगची अर्धी मजा दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या टर्कीच्या सँडविचमध्ये असते. इथे उरलेलं अन्न पुढे करणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं. आणि फोटो झाल्यावर खड्डा उघडाच टाकून जाणाऱ्या हौशी मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं, की तोंड बंद केल्याशिवाय जेवण संपत नाही.

त्याच दिवशी उपाशीपोटी रुदा म्हणजे सताप घातलेल्या उसाच्या दारूचे तीन घोट घेतात, ती वेगळी गोष्ट. ती प्रथा डोंगरातली नाही, ग्वारानी मुलखातली, म्हणजे पराग्वे आणि ईशान्य अर्जेंटिनाकडची. पराग्वेत त्यात लिंबूही पडतं आणि नाव होतं कार्रुलिम: कान्या, रुदा, लिमोन. तारीख एक आहे म्हणून सण एक होत नाही.

बरं, 'पाचामामा म्हणजे मदर अर्थ' हेही घाईचं भाषांतर. अँडीजमधल्या केचुआ भाषेत 'पाचा' म्हणजे जमीन आणि काळ, दोन्ही. ऑगस्ट का, याचं निम्मं उत्तर त्या शब्दातच आहे.

सुगीचेच आभार दाखवायचे असतील तर त्याच अर्जेंटिनात मेंदोसाला जा. तिथे द्राक्षांच्या हंगामाचा वेन्दिमिया हा सण १९३६ पासून मार्चच्या सुमारास भरतो. त्यात फळांना आशीर्वाद देण्याचा सोहळा असतो, आणि प्रांताचा गव्हर्नर नांगराच्या जुन्या फाळावर ठोके देतो: या वर्षीचं काम आटोपलं. थँक्सगिव्हिंगशी तुलना करायची तर त्या ठोक्यांशी करा. ऑगस्टमध्ये काम अजून सुरूच व्हायचं असतं.