डबा उघडण्याआधी एवढं वाचा: आमच्या गोड नारळ क्रीमविषयी

"वर पांढरा कडक थर, खाली पाणी. माल फाटलाय का?" थंडी पडली की हा प्रश्न आम्हाला रोज येतो.

माल चांगला आहे. नारळाची चरबी साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, बाटलीतलं खोबरेल गोठतं तशीच. ती वर जमते, साखरेचा पाक खाली बसतो. खरं नुकसान त्यानंतर होतं. बरेच जण वरचा थर चमच्याने खरवडून घेतात आणि खालचं 'पाणी' ओतून देतात. सगळी गोडी त्या पाकातच असते! नुसत्या थराचा केक तेलकट होतो, आणि कॉकटेलमध्ये बर्फ लागला की त्याचे मेणासारखे दाणे ग्लासला चिकटतात.

म्हणून बंद डबा दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा. पाणी उकळतं नको. मग जोरात हलवा आणि उघडा. तरी गुठळ्या दिसल्या तर सगळं भांड्यात काढून फेटा. डबा मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नका.

थर अजिबात पडणार नाही असं क्रीम बनवता येतं, इमल्सिफायर (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) आणि खाण्याचा गोंद वाढवले की झालं. पण त्याने जिभेवर चिकटपणा येतो आणि नारळाची चव मागे पडते. आम्ही ते बेतानेच घालतो.

नुसतं 'कोकोनट क्रीम' म्हणून मिळतं ते बिनसाखरेचं असतं, आमचं हे गोड आहे. तिखट पदार्थात घालू नका. केक-पुडिंगमध्ये घालताना कृतीतली साखर आधी निम्मी करा, चव बघून वाढवा.

कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोने १९७८ साली राष्ट्रीय पेय ठरवलेला पिन्या कोलाडा (रम, अननस आणि नारळाचं कॉकटेल) याच क्रीमवर उभा आहे. घरी सोपं पडतं ते 'पेनकिलर' नावाचं कॉकटेल: रम ६० मिली, अननसाचा रस १२०, संत्र्याचा ३०, क्रीम ३०, वर किसलेलं जायफळ. रम वगळली तरी छान लागतं. क्रीम आधी रसात एकजीव करा, बर्फ शेवटी.

उघडलेलं क्रीम डब्यात न ठेवता काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते पुन्हा गोठेल. बाटली कोमट पाण्यात धरा. क्वचितच लागत असेल तर आमचा छोटा डबाच घ्या, उरून वाया जात नाही. आणि डबा फुगलेला दिसला तर न उघडता परत आणा, लगेच बदलून देऊ.