ऊन मुबलक, तरी टॉवर बंद

मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतपात, चिमूर तालुक्यातील आमच्या गावी दुपारी लाईन गेली आणि तास-दीड तासात मोबाइलची रेंजही गेली. टॉवरच्या पायथ्याशी सौर पॅनलांची रांग लख्ख चकाकत होती, त्यामुळे पारावर बसलेल्यांचा प्रश्न रास्तच होता : "एवढं ऊन तापून राह्यलं, तरी टावर काहून बंद हाय?" ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असे आपण सारेच धरून चालतो. या गैरसमजाचे मूळ मला आपल्या भाषेतच दिसते. मराठीतला 'ऊन' हा शब्द उजेडालाही चालतो आणि वाफाळत्या भातालाही. पॅनलमधल्या सिलिकॉनला मात्र या दोहोंपैकी फक्त उजेड हवा असतो.

प्रकाश सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनला मोकळे करतो, आणि सौर घटातील (सेलमधील) दोन थरांच्या सीमेवरचे विद्युत क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलते. तेथे ते साचत जातात, म्हणून व्होल्टेज तयार होते. हे समजण्यासाठी शेततळे डोळ्यांपुढे आणावे. पंपाचे पाणी तळ्यात पडत आहे आणि अस्तराच्या बारीक छिद्रांतून थोडे झिरपतही आहे. पातळी चढेल तसा दाब वाढतो, झिरपणे वाढते, आणि आवक व झिरपणे सारखे झाले की पातळी तेथेच थांबते. उजेड ही आवक, व्होल्टेज ही पातळी. उष्णतेने आवक फारशी वाढत नाही, छिद्रे मात्र मोठी होतात : तापलेल्या सिलिकॉनमध्ये सीमेवरचा चढ ओलांडून माघारी फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या भराभर वाढते, आणि पंप पूर्वीइतकाच चालू असूनही पातळी खाली बसते.

ही घसरण एका घटामागे, एका अंशाला, सुमारे २ मिलिव्होल्ट इतकीच असते. पण मोठ्या पॅनलमध्ये असे ७२ घट एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे एका अंशाला १४४ मिलिव्होल्ट. पॅनलवर छापलेले वॅट हे घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून मोजलेले असतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे हवाच ४५ अंशांवर जाते, आणि भर उन्हात पॅनल हवेपेक्षा २० ते ३० अंश अधिक तापतो. तो ७० अंशांवर गेला असे धरले, तर वाढलेल्या ४५ अंशांपायी साडेसहा व्होल्ट गेले. शक्तीच्या भाषेत अंशामागे साधारण ०.३५ टक्के तूट धरली, तर ५५० वॅटचा पॅनल ४६० वॅटच्या आसपास उतरतो. योग्य कोनात बसवलेला तोच पॅनल फेब्रुवारीतल्या निरभ्र, गार दुपारी याहून अधिक देऊ शकतो.

तरीही सोळा टक्क्यांच्या तुटीने टॉवर बंद पडत नाही. एक किलोवॅट भाराच्या टॉवरला दिवसाला २४ युनिट लागतात आणि एक किलोवॅट पॅनल सरासरी चार-पाच युनिट देतो. म्हणजे पूर्ण भार उचलायला पाच-सहा किलोवॅटचे पॅनल हवेत. आमच्याकडचे पॅनल वीजबिल हलके करण्यापुरतेच होते. लाईन गेली की उरलेला भार बॅटरीवर येतो, आणि बॅटरीचे व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले की यंत्रणा स्वतःहून भार तोडते.

संध्याकाळी तंत्रज्ञाने दुपट्टा हाताला गुंडाळून कॅबिनेटचे दार उघडले, कारण पत्र्याला हात लावण्याची सोय नव्हती. आत दोन-दोन व्होल्टचे २४ सीलबंद शिसे-आम्ल घट होते आणि त्यांतल्या कित्येकांची पोटे फुगलेली होती. अशा घटाचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे अंदाजे निम्मे होते. २५ अंशांना आठ वर्षे चालणारा घट सतत ४५ अंशांत ठेवला तर दोनच वर्षे टिकेल. जाहिरातीतली वर्षे कोणत्या तापमानाची आहेत, हे विचारायला म्हणूनच कचरू नये. तापलेल्या घटाला चार्जिंगचे व्होल्टेजही कमी लागते, घटामागे अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्टने. २४ घट आणि २० अंश धरले तर हा फरक जवळजवळ दीड व्होल्टचा होतो. चार्जरचा तापमान-संवेदक तुटलेला असेल तर घट रोज अतिचार्ज होतात, आतल्या पाण्याचे वायू होतात आणि घट कोरडे पडतात. येथे संवेदकाची वायर उंदरांनी कुरतडलेली होती.

दाराच्या कडीला सुकलेले लिंबू-मिरचीही टांगलेले होते. लिंबात जस्ताची पट्टी आणि तांब्याची तार खुपसली तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो हे खरे. दोऱ्यात ओवून टांगल्याने बॅटरी एका अंशानेही थंड होत नाही.

लिथियम-लोह-फॉस्फेटचे घट याहून बरेच सोशिक असतात. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे आगीचा धोकाही कमी. परंतु त्यांच्याही ऋण अग्रावरचा पातळ थर उष्णतेत जाड होत जातो, त्यात लिथियम अडकते आणि क्षमता घटते.

वीजजाळ्यातही हिशोब हाच आहे, फक्त आकडे मोठे. कृषी वाहिन्यांना दिवसा सौर वीज देणे सोपे आहे. सूर्य मावळल्यावर घराघरांतले कूलर चालूच असतात, तेव्हाचा भार चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारखी केंद्रे उचलतात. तेथे साठवणूक आणायची तर कंटेनरमधल्या बॅटऱ्यांना थंड ठेवण्यातही वीज जाते, आणि ती विदर्भात अधिक जाईल. घाटघरला २५० मेगावॅटच्या प्रकल्पात पाणी वर चढवून वीज साठवतात, त्याला उन्हाचे भय नाही; पण त्यासाठी सह्याद्रीचा कडा लागतो.

आमच्या टॉवरवर आता घट बदलले आहेत, पॅनल कमरेएवढे उंच उचलले आहेत आणि कॅबिनेट त्यांच्या सावलीत सरकवले आहे. तंत्रज्ञाने संवेदकाची नवी वायर लोखंडी नळीतून नेली आणि लिंबू-मिरची तशीच राहू दिली.