पूररेषा आणि घराचा पूरविमा (कोल्हापूर-सांगली)

पूररेषा म्हणजे नदीला पूर आला की पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी नकाशावरची रेघ, आणि पूरविमा म्हणजे त्या पाण्याने घराचं जे नुकसान होतं त्याची भरपाई. कोल्हापूर-सांगलीकडे पहिली गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत असते आणि दुसरी जवळपास कुणाकडेच नसते. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर बघूनही घराचा विमा काढलेला माणूस इकडे शोधावा लागतो, हे खरंच कोडं आहे.

इथला पूर फुटांत मोजतात. पंचगंगेसाठी राजाराम बंधारा, इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. सांगलीत कृष्णेसाठी आयर्विन पूल, तिथे 40 आणि 45. पावसाळ्यात लोक सकाळी चहाच्या आधी हा आकडा बघतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि आयर्विनला 57 च्या वर, मग 2021 च्या जुलैत कोल्हापुरात 56 सुद्धा ओलांडलं, म्हणजे 'दोन हजार एकोणीससारखं परत काही येत नाही' म्हणणाऱ्यांना दोन वर्षांतच उत्तर मिळालं.

इथे पाणी बहुतेक वेळा हळू चढतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकतच नाही, फुगवटा मागे येतो. खाली कर्नाटकात कृष्णेवर जे आलमट्टी धरण आहे, त्याच्यामुळे फुगवटा वाढतो का, हा वाद इथूनच सुरू होतो. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही, पण शिरोळ तालुक्यात हे कुणाला पटवून दाखवा! असो. मुद्दा असा की हातात एक-दोन दिवस मिळतात. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने तेवढाही वेळ दिला नाही, रात्रीत बाजारपेठ पाण्याखाली गेली.

प्रत्येक घराचा एक आकडा असतो, बंधाऱ्यावर तेवढे फूट झाले की तिथे पाणी येतं. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथे नदीचं पाणी काठ ओलांडून बाहेर पडलं, की आंबेवाडी-चिखलीकडची माणसं आवराआवर करायला लागतात, कोल्हापुरात सुतारवाड्यात पाणी सगळ्यात आधी येतं, मग जयंती नाल्याच्या कडेने शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर असं ते आत आत सरकतं. नवीन माणसाने फ्लॅट घेताना बिल्डरला विचारण्यापेक्षा समोरच्या किराणावाल्याला विचारावं की बंधाऱ्यावर किती फूट झालं की इथे पाणी येतं. तो बरोबर सांगतो, आणि भिंतीवरची 2019 ची खूण पण दाखवतो.

कागदावरचं काम मात्र जलसंपदा खात्याच्या पूररेषेने होतं. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी. आता '100 वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची 99 वर्षं निवांत असा नाही, दरवर्षी शंभरात एक शक्यता असा आहे, आणि 30 वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत तसा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण चारात एक होते. रेषेबाहेर आहोत म्हणून सुटलो असंही नाही. सांगलीच्या शामरावनगरसारख्या भागात नदी पात्रात असली तरी नुसत्या पावसाचं पाणी दिवसेंदिवस साचून राहतं कारण निचराच नाही, आणि भराव टाकून एक प्लॉट उंच केला की पाणी शेजारच्याकडे जातं.

आता विमा. भारतात वेगळी पूर पॉलिसी सहसा नसते, घराच्या विम्यातच पूर येतो. 1 एप्रिल 2021 पासून आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली, सामान्य विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्या ती विकतात, पूर, वादळ आणि पाणी साचणं तिच्यात मुळातच धरलेलं आहे. इमारतीची विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या किमतीवर नाही, कारण जागा कुठे वाहून जात नाही. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. त्यापेक्षा जास्तीचं सामान असेल तर यादी द्यायची. दागिन्यांचं वेगळं सांगावं लागतं, रोख रक्कम धरत नाहीत. घर राहण्याजोगं उरलं नाही तर भाड्याची पण सोय आहे. मातीच्या भिंतींचं घर असेल तर प्रस्तावात तसंच लिहायचं, आरसीसी लिहून पुढे क्लेम अडकवून घेऊ नये.

सगळ्यात मोठी गफलत गृहकर्जवाल्यांची होते. बँकेने कर्जाबरोबर 'इन्शुरन्स' कापलेला असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तो बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नाही, आणि घराचा असला तरी नुसत्या इमारतीचा, म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं, गाद्या सगळं आपलं आपण. कागद काढून एकदा बघावं. गाडी यात येतच नाही, तिला स्वतःची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी लागते, नुसत्या थर्ड पार्टीवर काही मिळत नाही, आणि बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारून इंजिन गेलं तर इंजिनाचं वेगळं कव्हर नसताना कंपनी हात वर करू शकते. दुकानाचा विमाही निराळा, घराच्या पॉलिसीत खालचं दुकान लपत नाही.

शासनाचं सानुग्रह अनुदान, पंचनामा, हे सगळं मिळतं पण ते चूल पेटवायला असतं, घर उभं करायला पुरत नाही.

पाणी ओसरल्यावर लोक आधी चिखल काढतात आणि भिजलेलं सामान रस्त्यावर टाकतात, ते साहजिक आहे, वास सहन होत नाही. पण कंपनीला कळवून, प्रत्येक खोलीचे फोटो-व्हिडिओ काढून, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असं टिपून मग टाकावं, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत मोठ्या वस्तू तरी ठेवाव्यात. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडली तर बरं पडतं. क्लेम विनाकारण कापला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यायचं, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल, त्याचं ऑफिस पुण्यात आहे आणि तक्रारीला फी नाही.

पॉलिसी मे महिन्यात बघितलेली बरी. बंधारा 40 फुटांवर आल्यावर एजंटला फोन करणारे दरवर्षी निघतात.