चाक जड फिरतंय: कॅलिपर जाम झालाय की ऑइलचं प्रेशर अडकलंय?

बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक धरायला लागला की बहुतेक जण थेट कॅलिपरवरच (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) येतात, किट टाका नाहीतर नवीन कॅलिपर घ्या. पण चाक धरून ठेवणारी कारणं दोन आहेत आणि बाहेरून दोन्ही सेम दिसतात, चाक जड, डिस्क तापलेली, ॲव्हरेज पडलेलं. एकात पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, त्यामुळे लिव्हर सोडला तरी पॅड मागे सरत नाहीत. दुसऱ्यात कॅलिपर ठणठणीत असतो पण लाइनमधलं ब्रेक ऑइल वर हँडलजवळच्या डबीत परतच जात नाही, मग तेच प्रेशर पॅड दाबून धरतं.

आधी एक बघा, चाक उचलून हाताने फिरवल्यावर बारीक घासल्याचा आवाज येतो तो नॉर्मल आहे, डिस्क ब्रेकचे पॅड हलके टेकलेलेच असतात. ढकलल्यावर चाक लगेच थांबत असेल तरच पुढचं वाचा.

लक्षणांत मोठा फरक गाडी गरम झाल्यावर कळतो. प्रेशर अडकलं असेल तर घरून निघताना गाडी मस्त चालते, मग ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारत मारत गेलं की ऑइल तापून फुगतं, त्याला जायला जागा नाही, त्यामुळे ब्रेक आणखी धरतो, लिव्हर कडक होतो, आणि अर्धा तास गाडी उभी केली की सगळं परत ठीक. कॅलिपर जाम असेल तर थंड असतानाही चाक जडच. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल, किंवा दोन पॅडपैकी एक जास्त झिजला असेल, तर पिना-पिस्टनवरच संशय घ्या.

पक्कं करायचं तर चाक धरलेलं असतानाच कॅलिपरच्या निपलला (ऑइल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून खाली बाटलीत सोडा आणि निपल थोडंसं ढिलं करा, बऱ्याच बाइकला ८ चा पाना लागतो. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलेलं होतं, कॅलिपरचा दोष नाही. ऑइल आलं तरी चाक तसंच जड, तर मात्र कॅलिपर खोलायचा. डिस्क तापलेली असते, हात लावू नका.

प्रेशरवाल्या केसमध्ये आधी लिव्हर बघा. मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा भाग) डबीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, लिव्हर पूर्ण सोडल्यावर ऑइल तिथूनच वर जातं. बाजारातला फॅन्सी लिव्हर बसवला आणि त्याला फ्री प्लेच (ब्रेक लागण्याआधीची थोडी ढिली हालचाल) राहिला नाही तर आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते भोक झाकलेलंच राहतं. मागच्या डिस्कला पेडल वर घ्यायला रॉड जास्त फिरवला तरी हेच होतं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण इथे खर्च शून्य आहे, फक्त ॲडजस्टमेंट मागे घ्यायची. फ्री प्ले बरोबर असेल तर भोक जुन्या ऑइलच्या गाळाने बुजलेलं असू शकतं, किंवा होज (ऑइलची रबरी नळी) आतून फुगलेला. मास्टरकडचा होजचा बोल्ट किंचित ढिला करून चाक सुटलं तर दोष मास्टरचा, नाही सुटलं आणि निपलनेच सुटलं तर होज बदला.

कॅलिपर जाम असेल तर पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको आणि पेट्रोलने धुणं तर अजिबात नको, रबर फुगतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर घासत बसू नका, पिस्टन आणि सील दोन्ही नवीन.

ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच भरा, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. लाइन किंवा कॅलिपर खोलला असेल तर ब्रेक ब्लीड करा (लाइनमधली हवा काढा), एबीएस असेल तर ते काम गॅरेजमध्येच. शेवटी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा आणि पहिली फेरी गल्लीतच हळू मारा.